तपकिरी म्हणजे बॅटरी

संकेश्वरला लग्न होतं. परतीला अंधार पडला. तवंदी घाट उतरायला लागलो आणि गाडीत वास आला. आधी वाटलं, पुढच्या ट्रकचे ब्रेक तापलेत. तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, रबर जळतंय. आपल्याच गाडीत." खाली बघितलं तर डॅशबोर्डाखालून धुराची बारीक रेघ माझ्या गुडघ्यापर्यंत आलेली, आणि हेडलाइट मिचमिच करायला लागलेले.

स्तवनिधीजवळ गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं, चावी काढली, लाइटचं बटण बंद केलं. तरी धूर थांबेना. बॉनेट उघडून पान्यानं बॅटरीचं टर्मिनल सोडवलं तेव्हा कुठं थांबला. चावी काढूनही वायर जळत राहते म्हणजे शॉर्ट चावीच्या अलीकडं आहे, हे मला तिथंच कळलं. साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन म्हणून एकतीस वर्षं काढली आहेत. ४४० व्होल्टला हात लावताना जी सावधगिरी बाळगायची, ती घरच्या गाडीच्या १२ व्होल्टला कधी बाळगली नव्हती. १२ व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण बॅटरी शॉर्ट झाली की शेकडो अँपिअर सोडते आणि बारक्या वायरीची वात होते.

गाडी अँबॅसिडर, मार्क टू, १९६६ची. बंगालात उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यात तयार झालेली, १४८९ सीसीचं इंजिन. आप्पांनी ती १९७८ साली निपाणीतल्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडून घेतली. अजूनही उन्हात उभी राहिली की मागच्या सीटमधून जर्द्याचा वास येतो. आप्पा जाऊन नऊ वर्षं झाली. गाडी विकायची असं घरात कुणीच कधी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाच्यानं ट्रॅक्टरला बांधून गाडी वखारीत आणली. गावातल्या गॅरेजवाल्यानं बघितलं आणि म्हणाला, "जळालेली वायर काढतो, नवीन ओढतो, दोन तासांचं काम." चुकीचं काहीच बोलला नव्हता तो. पण कारखान्यात आमची एक रीत होती. गाळप चालू असताना केबल जळाली तर सांधा मारायचा आणि हंगाम ओढायचा; हंगाम संपला की मात्र ती केबल बदलायची. या गाडीचा हंगाम कधी संपलाच नव्हता. साठ वर्षं नुसते सांध्यावर सांधे. मी ठरवलं, सगळं वायरिंग उतरवायचं.

त्यासाठी मला आप्पांचे मेस्त्री हवे होते. त्यांचं दुकान बंद होऊन किती वर्षं झाली, तेही आता ऐंशीच्या पुढचे. मुलाकडं अक्कोळ रस्त्याला राहतात. घरी कानडी, आमच्याशी मराठी. गेलो, पाया पडलो, सगळं सांगितलं.

"गाडी हाय व्हय अजून? मला वाटलं इकलासा."

"नाही विकली. पण वायरिंग सगळं काढायचंय, मेस्त्री. तुमच्याशिवाय व्हायचं नाही."

"डोळं गेलं रं माझं. रंग दिसत न्हाईत नीट." मग थोडं थांबून म्हणाले, "तुझा हात, माझं तोंड. चालंल?"

आषाढ लागला होता, शेतात काही काम नव्हतं. रोज सकाळी दहाला भाचा त्यांना मोटारसायकलवरून आणायचा. वखारीच्या दारात खुर्ची टाकायची, चहा द्यायचा. पहिल्या दिवशी त्यांनी मला हत्यारच धरू दिलं नाही. आधी पाठांतर.

"तपकिरी?"

"बॅटरी."

"पांढरी?"

"चावीच्या पुढची."

"हिरवी?"

"चावीच्या आणि फ्यूजच्या पुढची."

"जांभळी?"

"फ्यूजमधून येणारी, पण चावीचा संबंध नसलेली. हॉर्नची."

"काळी?"

"बॉडी."

हे रंग इंग्लंडच्या ल्युकास कंपनीचे. अँबॅसिडर मुळात मॉरिस ऑक्सफर्डवरून आलेली, त्यामुळं वायरिंगची भाषाही तिकडचीच. लाल पार्किंगची आणि टेललॅम्पची. निळी हेडलाइटच्या बटणापासून पायातल्या डीपरच्या बटणापर्यंत. तिथून निळ्यावर पांढरा पट्टा अपरसाठी, म्हणजे लांबच्या झोतासाठी, आणि निळ्यावर लाल पट्टा डीपरसाठी, म्हणजे जवळच्या झोतासाठी. डायनामो म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, आणि कटआउट म्हणजे ते चार्जिंग जोडणारी-तोडणारी डबी. डायनामोहून कटआउटला पिवळी, आणि डायनामोच्या फील्डची, म्हणजे त्यातल्या चुंबकी गुंडाळीची, पिवळ्यावर हिरवा पट्टा असलेली. हे एकदा डोक्यात बसलं की अंधारात नुसत्या टॉर्चच्या उजेडातही कुठली वायर कुठं जाणार हे वाचता येतं. मेस्त्री कानडी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. हे रंग ते वयाच्या चौदाव्या वर्षी बेळगावच्या एका गॅरेजमध्ये शिकले. सर्किटचा कागद त्यांनी कधी वापरला नाही.

वायरी काढायच्या आधी एक मोजमाप घेतलं. बॅटरीतून लाइटच्या बटणाला तात्पुरती जाड वायर दिली, हेडलाइट लावले आणि मल्टिमीटर धरला. बटणाशी १२.४ व्होल्ट, बल्बाशी १०.६. मधले १.८ व्होल्ट वायरीत, सांध्यांत आणि गंजलेल्या अर्थिंगमध्ये जिरत होते. तारेच्या बल्बचं असं असतं, की व्होल्टेज दहा टक्के पडला तर उजेड जवळजवळ तीस टक्के पडतो. आमचा तर पंधरा टक्के पडला होता. घाटात नीट दिसत नाही म्हणून काही वर्षांपूर्वी मीच एका दुकानातून १००/९० वॅटचे, म्हणजे अपरला १०० आणि डीपरला ९०, बल्ब घालून घेतले होते. ते जेमतेम साठाचा उजेड देत होते, आणि उरलेली ताकद वायर तापवण्यात जात होती. मूळची वायर ४५ वॅटच्या बल्बांच्या हिशोबानं घातलेली. ४५चे दोन बल्ब म्हणजे साडेसात अँपिअर. १००चे दोन म्हणजे सोळा-सतरा. डायनामोच मुळात वीस-बावीस अँपिअरचा. आणि या गाड्यांत हेडलाइटच्या वाटेत फ्यूज नसतो! फ्यूजच्या डबीत काचेचे दोनच फ्यूज, आणि हेडलाइटचा त्यांच्याशी काही संबंध नाही.

आग कुठून लागली तेही सापडलं. बॉनेटमधून डॅशबोर्डाकडं वायरी जिथून आत येतात, त्या भोकातलं रबरी बुश झिजून पडलेलं. तापलेली तपकिरी वायर पत्र्याच्या कडेवर टेकत राहिली, रबर मऊ झालं आणि तांबं पत्र्याला लागलं.

मग उतरवायला लागलो. मेस्त्रींचा नियम कडक होता: कापायचं नाही. प्रत्येक टोक सोडवायचं, चिठ्ठी लावायची, वहीत लिहायचं आणि मगच पुढचं टोक. वही बायकोनं घेतली. तिचं अक्षर चांगलं, आणि मी घाई करायला लागलो की ती पुढची चिठ्ठीच द्यायची नाही. फोटोही काढले, पण खरं सांगतो, धुळीत माखलेल्या वायरींच्या फोटोत रंग कळत नाहीत. कामाला आली ती वहीच.

मूळच्या वायरींवर रबर आणि त्यावर सुताची वीण. ते सूत हातात कुसकरून यायचं, आतलं रबर तर वाळल्या शेवग्यासारखं कडकड मोडायचं. तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या. आत चार इंच सोललं तरी काळ्याच. तिथं नवीन सांधा मारून काही उपयोग नसतो, कारण काळ्या तांब्यावर डाग, म्हणजे सोल्डर, धरत नाही आणि नुसता पीळ मारला की तो सांधा पुन्हा तापतो. मोजले तर मधे मारलेले एकवीस सांधे निघाले. एका हेडलाइटच्या वायरीत तीन रंग होते: निळा, मग घरगुती वायरिंगचा पिवळा, मग स्पीकरची पारदर्शक वायर. त्या त्या दिवशी रस्त्यात अडकलेल्या माणसाला कुणीतरी घरी पोहोचवलं होतं, एवढंच. पण पुढच्या माणसाला त्यातलं काही वाचता येत नाही.

मागच्या सीटखाली, टेललॅम्पकडं जाणाऱ्या लाल वायरीवर, एक सांधा सापडला. त्यावर इन्सुलेशन टेप नव्हती, दवाखान्यातली गुलाबी चिकटपट्टी होती. आता ती मातकट झालेली, पण कापडाची वीण अजून दिसत होती. नखानं हळूहळू सोडवली. आत पीळ डावीकडं वळलेला. आप्पा डावखुरे होते. १९८३च्या पावसाळ्यात धाकट्या बहिणीला ताप मेंदूत गेला म्हणून रात्री मिरजेला नेलं होतं. मी मागं तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. परत निघताना मागचा दिवा लागेना, आणि आप्पा आत जाऊन कंपाउंडरकडून काहीतरी मागून आले, एवढं मला आठवत होतं. काय मागितलं ते आत्ता कळलं. मेस्त्रींच्या हातात तो तुकडा दिला. त्यांनी अंगठा फिरवला. "पीळ चांगला हाय," म्हणाले. "माझ्याकडं बघून शिकलेला." बहीण आज धारवाडला असते. तिला फोन केला, आणि दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

तो तुकडा काढून ठेवलाय. गाडीत परत घातला नाही. गाडीत आता जुनं तांबं एक इंचही नाही.

वायर मिळवणं हे वेगळंच प्रकरण. बेळगावात तीन दुकानं फिरलो. लाल, काळी, पिवळी, निळी पाहिजे तेवढी. तपकिरी आणि जांभळी विचारलं की दुकानदार वर बघायचा. एक जण म्हणाला, "काका, करंटला रंग असतोय काय? लाल घ्या, काळी घ्या, मार्कर मारा." त्याला मी समजावत बसलो नाही. पट्टेवाल्या वायरी शेवटी कोल्हापुरात मिळाल्या, त्याही दोन खेपा घालून. तयार वायरिंग सेट दिल्लीहून मागवून देतो म्हणणारेही भेटले, पण ते नंतरच्या मॉडेलचे, अल्टरनेटर असलेल्या गाडीचे. आमच्या गाडीला डायनामो आणि कटआउट.

जाडी निवडताना काटकसर करायची नाही. चौदा तारांची एक चौरस मिलिमीटरची वायर पार्किंग, मीटर, इंडिकेटर यांना पुरते. तिचा भार आठ-नऊ अँपिअरपर्यंत. हेडलाइटला अठ्ठावीस तारांची, दोन चौरस मिलिमीटरची. बॅटरीहून कटआउटला आणि डायनामोला चव्वेचाळीस तारांची. घरातल्या वायरिंगची वायर गाडीत घालू नये. तिच्या तारा जाड आणि कमी असतात; गाडीच्या थरथरीनं त्या टोकाशी तुटतात, आणि तुटल्याचं वरून दिसत नाही.

आणि फ्यूजबद्दल. ल्युकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं. ते वितळायचं माप आहे. सतत चालायचं माप त्याच्या निम्मं, १७ अँपिअर. आजचा ३५ अँपिअरचा फ्यूज आणून तिथं बसवला तर वायर जळेल, फ्यूज जळणार नाही. दुकानात ३५चा मागितला तर ३५चाच देतात, त्यांचा काही दोष नाही. मला हे मेस्त्रींनी सांगितलं नसतं तर मीही तोच बसवला असता.

जुनं वायरिंग सगळंच्या सगळं एका अंगानं बाहेर काढलं, आठ फुटी प्लायवुडवर पसरलं आणि जिथं जिथं फाटा फुटतो तिथं खिळे ठोकले. मग जुनं उचललं आणि त्याच खिळ्यांवरून नव्या वायरी ओढत गेलो. दर फाट्याला चार बोटं वायर जास्त. टोकांना ल्युकासच्या पद्धतीचे पितळी बुलेट, म्हणजे खोचून जोडायची टोकं, डाग देऊन. डागाला राळ वापरायची. ॲसिड वापरलं तर सांधा चकचकीत दिसतो आणि दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो. थिंबलं, म्हणजे स्क्रूखाली बसणारी टोकं, मात्र दाबूनच बसवली. इंजिनाजवळच्या थरथरीत डाग दिलेली वायर डागाच्या कडेला मोडते. चिकट टेप मेस्त्रींनी लावू दिली नाही, कारण उन्हाळ्यात तिचा चिकटा पाघळतो. मेण लावलेल्या दोऱ्यानं दर दोन बोटांवर गाठ. या गाठी त्यांनी स्वतः मारल्या. त्याला डोळे लागत नाहीत, म्हणाले. दोन दिवस ते खुर्चीत बसून मांडीवर वायरींचा जुडगा घेऊन गाठी मारत होते आणि बायको शेजारी बसून दोरा मेणातून ओढून देत होती.

श्रावण संपता संपता वायरिंग गाडीत चढलं. सगळ्यात त्रास हॉर्नच्या वायरीनं दिला. ती स्टिअरिंगच्या नळीतून जाते. एक अख्खा दिवस गेला. सायकलच्या ब्रेकची तार आधी आत घातली, तिच्यामागं वायर ओढली. याहून जास्त त्याबद्दल सांगण्यासारखं नाही.

एक वाद झाला तो सांगतो. या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला आहे, आजच्या गाड्यांच्या नेमकं उलट. भाचा म्हणाला, सगळं उघडंच आहे तर आता निगेटिव्ह करून टाकू, मोबाइलचा चार्जर लागेल, एलईडी लावता येतील. मी नाही म्हटलं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले आहेत, त्यांतही मूळ घडणीत मोठे बदल नकोत असंच आहे. पण नियमासाठी नव्हे. गाडी जशी आहे तशी समजून घ्यायला एवढे दिवस घातले, आता तिला दुसरंच काही कशाला करायचं? दोनच गोष्टी मी नव्या घातल्या: हेडलाइटला रिले आणि फ्यूज, आणि बॅटरीला तोडबटण. बल्ब ६०/५५चे, म्हणजे दोन्ही मिळून दहा अँपिअर. रिलेमुळं लाइटच्या बटणातून आता नाममात्र करंट जातो.

या उलट्या टोकांनी तरी एकदा दगा दिलाच. नवी बॅटरी घेतली, दुकानाचा पोरगा बसवून द्यायला आला आणि मी चहा सांगायला आत गेलो तेवढ्यात त्यानं सवयीनं काळं टोक बॉडीला लावलं. तोडबटण बंद होतं म्हणून वाचलो. डायनामो एका दिशेचा आणि बॅटरी दुसऱ्या दिशेची झाली असती तर कटआउटचे पॉइंट चिकटून गेले असते. आता बॅटरीच्या ट्रेवर ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय, पॉझिटिव्ह बॉडीला. मराठीत आणि कानडीत, दोन्ही.

पहिल्यांदा करंट देताना बॅटरी सरळ जोडली नाही. कारखान्यातली सिरीज लॅम्पची युक्ती वापरली. बॅटरी आणि गाडी यांच्या मधे एक २१ वॅटचा बल्ब. कुठं शॉर्ट असेल तर तो बल्ब भगभगून पेटतो, वायर जळत नाही. सगळी बटणं बंद ठेवून तोडबटण फिरवलं. बल्ब विझलेला. बायकोनं वहीत खूण केली. मग एकेक बटण: पार्किंग, मीटर, वायपर. दर वेळी बल्ब मंद लागायचा, जेवढा लागायला हवा तेवढाच.

एवढं झाल्यावर बॅटरी सरळ जोडली. सेल्फ मारला, गाडी चालू झाली, पण चार्जिंगचा लाल दिवा विझेना. दोन महिने पडून राहिल्यानं डायनामोची चुंबकी गेली होती. मेस्त्री म्हणाले, गाडी बंद कर, कटआउटवरची एफची, म्हणजे फील्डची, वायर सोडव आणि तिचं टोक बॅटरीच्या जिवंत टोकाला, म्हणजे बॉडीला न जोडलेल्या टोकाला, एक क्षण टेकव. टेकवलं, चट्कन ठिणगी उडाली. परत जोडून गाडी चालू केली, ॲक्सिलरेटर दिला आणि लाल दिवा विझला.

त्यापुढचे दोन दिवस मात्र मी हैराण झालो. ब्रेक दाबला की मागचे इंडिकेटर मंद लागायचे, इंडिकेटर लावला की टेललॅम्प लुकलुकायचा. वायरी चार वेळा तपासल्या, रंग बरोबर, टोकं बरोबर. मेस्त्रींना ताप होता, ते येत नव्हते. फोनवर सांगितलं. पलीकडून खोकला, आणि मग एकच प्रश्न: "गाडीला रंग कवा दिलासा?"

तीन वर्षांपूर्वी. दिव्याचा पत्रा रंगावर बसला होता, बॉडीला लागतच नव्हता. करंटला परत जायला वाट नव्हती, म्हणून तो शेजारच्या बल्बातून वाट काढत होता. स्क्रूखालचा रंग पॉलिश पेपरनं घासला, पत्रा उघडा करून चकचकीत केला, शिवाय प्रत्येक दिव्याला वेगळी काळी वायर देऊन ती चॅसीला बांधली. पाच मिनिटांत सगळं जागेवर आलं. नव्या वायरिंगमध्ये लोक येणाऱ्या करंटवर पैसे घालतात आणि जाणाऱ्याला विसरतात. मीही विसरलो होतो.

खर्च सगळा धरून चौदा हजारांच्या आत आला, त्यात बॅटरी निम्मी. मेस्त्रींनी पैसे घेतले नाहीत. मी पुन्हा म्हटलं तर रागावले.

खंडेनवमीला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. संध्याकाळी मेस्त्रींना पुढं बसवलं, मागं बायको आणि भाचा. तवंदी घाट चढलो, वर जाऊन वळलो, आणि अंधार पडल्यावर उतरायला लागलो. हेडलाइट लावून अर्धा तास होऊन गेला होता. स्तवनिधीजवळ आल्यावर मेस्त्री म्हणाले, "थांब वाईच."

गाडी थांबवली, लाइट तसेच चालू. ते कष्टानं पुढं वाकले, डॅशबोर्डाखाली हात घातला आणि आपणच मारलेल्या गाठींवरून तळवा सावकाश शेवटपर्यंत फिरवला. मग परत एकदा, उलटा.

"गार हाय," म्हणाले. "चल."